बंद पडलेली स्टँडर्ड हेराल्ड पुन्हा रस्त्यावर आणताना: पुण्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शन

पुण्यात जुनी गाडी हाती येण्याचा एक नेहमीचा मार्ग आहे. पेठेतला वाडा पुनर्विकासाला जातो, परसातल्या पत्र्याच्या शेडखाली कित्येक वर्षे उभी असलेली गाडी बिल्डरने दिलेल्या मुदतीत हलवावी लागते, घरात कोणाकडेच ती ठेवायला जागा नसते, आणि भंगारवाल्याने वजनावर सांगितलेला भाव ऐकून एखादा भाचा किंवा शेजारचा मुलगा ‘मी नेतो’ असे म्हणतो. अशी गाडी पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण म्हणून मी स्टँडर्ड हेराल्ड घेतली आहे. फियाट आणि अँबॅसॅडर यांच्या मानाने ती आता क्वचितच दिसते, तिची रचना त्या दोघींहून अगदी वेगळी आहे, आणि ती समजून घेतली तर नवख्या माणसालाही झेपेल अशी ही गाडी आहे.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ब्रिटनमधील ट्रायम्फ हेराल्ड १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने भारतात बनवली. तिचा आकार इटलीचे जोव्हानी मिकेलॉत्ती यांनी आखलेला होता आणि इंजिन ९४८ सीसीचे होते. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) वेगळी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी, मागे आडवा पाटा आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, बॉनेट आणि पुढचे दोन्ही मडगार्ड एकत्र पुढे उलटणारे, अशी ही गाडी होती. पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये तिची चार दरवाजांची आवृत्ती निघाली, जी ब्रिटनमध्ये कधीच विकली गेली नाही. हा तपशील सुटे भाग शोधताना फार महत्त्वाचा ठरतो. तिच्या जागी नंतर आलेल्या स्टँडर्ड गझेलमध्ये इंजिन तेच राहिले, मात्र मागे साधा सरळ अ‍ॅक्सल आला.

आधी पाहावे ते काय नाही हे

नवखा माणूस गाडी पाहायला गेला की गंज, फुटलेले रेक्झिन आणि बंद इंजिन पाहून धास्तावतो. या तिन्ही गोष्टींवर पुण्यात इलाज आहे. इंजिन बोअर करून मिळते, पत्रा नवा घालता येतो, आसने पुन्हा शिवता येतात. ज्यावर इलाज नाही किंवा फारच महागडा आहे, ती गोष्ट म्हणजे हरवलेला भाग. म्हणून गाडीची पाहणी करताना काय बिघडले आहे याची यादी नंतर करावी आणि काय जागेवर नाही याची यादी आधी करावी. पुढची जाळी, मागच्या दिव्यांच्या काचा, बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे खटके, दरवाजांच्या कड्या, व्हील कप, स्पीडोमीटर, हॉर्नचे बटण, काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या, नावाची अक्षरे या गोष्टी एकेक करून तपासाव्यात. चार दरवाजांची गाडी असेल तर मागचे दरवाजे, त्यांच्या काचा आणि काच वरखाली करण्याची यंत्रणा यांकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण हे भाग परदेशातून मागवण्याची सोय मुळातच नाही. गाडी मोडक्या अवस्थेत पण पूर्ण असेल आणि दुसरी रंगवलेली पण अपूर्ण असेल, तर मी नेहमी पहिली घ्यायला सांगतो.

त्याच फेरीत शेडचा कोपरा, माळा आणि जिन्याखालची अडगळही मागून पाहावी. जुन्या मालकांनी बदललेले भाग सहसा टाकून दिलेले नसतात. एखाद्या बिस्किटांच्या डब्यात कार्बोरेटरचे जेट आणि कडीचा स्क्रू सापडतो, आणि तो डबा वाडा पाडणाऱ्यांच्या हाती गेला की कायमचा गेला.

पत्रा तपासण्यासाठी मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक बरोबर ठेवावे. ज्या ठिकाणी ते धरत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे खड्डे भरण्याच्या पुट्टीचा, जाड थर आहे किंवा खाली पत्राच उरलेला नाही, असे समजावे. गाडीखाली शिरून चासीपासून बाजूला निघालेल्या बाह्यांवर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. हेराल्डची चासी आधी तिथे सडते. बाहेरचे पायदळीचे पत्रे मात्र बोल्टांनी लावलेले असतात आणि गाडीचा भार त्यांच्यावर नसतो, त्यामुळे ते सडलेले दिसले तरी लगेच नाउमेद होऊ नये.

कागदपत्रे

गाडीचा ताबा मिळाला म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. पैसे देण्याआधी नोंदणी पुस्तक पाहावे आणि त्यावरचा चासी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून घ्यावा. ब्रिटिश घडणीच्या या गाड्यांत बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि आतली बैठक यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवर, रिव्हेट केलेली क्रमांकाची पट्टी असते. ती रंगकामाच्या वेळी काढली जाते आणि पुष्कळदा परत सापडत नाही. नोंदणीच्या वेळी चासी क्रमांकाची पेन्सिल छाप मागितली जाते तेव्हा तिची आठवण होते. पट्टी काढावीच लागली तर ती नोंदणी पुस्तकाबरोबर घरात कुलपात ठेवावी.

मालक हयात असेल तर हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. मालक वारले असतील तर वारसांच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ आहे, आणि त्याबरोबर मृत्यूचा दाखला व इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. वाड्यातल्या गाड्यांच्या बाबतीत हीच पायरी सर्वांत वेळखाऊ असते, कारण वारस चार गावांत आणि दोन देशांत विखुरलेले असतात. त्यांच्या सह्या गाडी जुनी व निरुपयोगी दिसते आहे तोवर घ्याव्यात. रंग चढल्यावर मने बदलतात. नोंदणी पुस्तक हरवले असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागता येते. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र नमुना २८ वर लागते. पुण्याचे परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ आहे, पण बरीचशी कामे आता परिवहन संकेतस्थळावरून सुरू करावी लागतात. १९८९ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या क्रमांकाची गाडी तिथे सापडत नसेल, तर कार्यालयात जाऊन मूळ नोंदीचा शोध घ्यावा लागतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, नूतनीकरणाचे ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना दर रविवारी पानशेतला जायचे आहे त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे आणि साधी नोंदणीच दर ५ वर्षांनी तपासणी करून, पर्यावरण कर भरून चालू ठेवायची का, याचा विचार करावा. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: दुसऱ्या गाडीचे किंवा डिझेलचे इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

गाडी हलवणे आणि नोंद ठेवणे

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी दोरी बांधून ओढू नये. ब्रेकचे ड्रम धरलेले असतात, टायर आतून सुटलेले असतात आणि इंजिनात काय अडकले आहे ते माहीत नसते. सपाट टेम्पोवर किंवा फ्लॅटबेडवर विंचने चढवावी. धक्का देऊन किंवा बॅटरी लावून ‘एकदा चालू करून पाहू’ हा मोह सर्वांनाच होतो आणि उपस्थित मंडळी तो वाढवतात. तरीही तो टाळावा. अडकलेली रिंग किंवा चिकटलेला व्हॉल्व्ह त्या एका प्रयत्नात मोडू शकतो.

गाडी जागेवर आली की एकही नट सोडण्याआधी तिचे फोटो काढावेत. बाहेरून चार कोनांतून काढलेले फोटो कामाचे नसतात. वायर कोणत्या भोकातून जाते, क्लिप कोणत्या बाजूला उघडते, ब्रेकची नळी चासीच्या आतून की बाहेरून जाते, हे दिसणारे जवळचे फोटो हवेत. दरवाजा आणि बॉडी यांमधल्या फटी वर, मध्ये आणि खाली मोजून वहीत लिहाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि पुढची दोन-तीन वर्षे रोज उपयोगी पडते. सुटणारा प्रत्येक भाग त्याच्या नट-बोल्टांसह पिशवीत घालून त्यावर चिठ्ठी लावावी. जुना मोडका भाग नवा हाती येऊन बसेपर्यंत टाकू नये, कारण नमुना म्हणून त्याचीच गरज असते.

एक इशारा इथेच देतो. हेराल्डचे बहुतेक नट-बोल्ट इंची आट्यांचे आहेत. तुमच्या पेटीतले मेट्रिक पाने त्यांवर जवळजवळ बसतात आणि कोपरे गोल करून टाकतात. ७/१६, १/२ आणि ९/१६ इंचाचे पाने घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. हरवलेल्या बोल्टच्या जागी मेट्रिक बोल्ट ठोकून बसवू नये. बोहरी आळीत इंची बारीक आट्याचे बोल्ट मागितले तर मिळतात.

इंजिन

चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतावे आणि ते काही दिवस मुरू द्यावे. नंतर प्लग बाहेरच ठेवून हँडल घालून हाताने हळूहळू फिरवून पाहावे. जोर लावावा लागला तर थांबावे आणि पुन्हा मुरू द्यावे. फिरू लागले की ऑइल व फिल्टर बदलून मगच कॉम्प्रेशन मोजावे.

या इंजिनाची एक खास तपासणी आहे, जी साधा मेकॅनिक करत नाही. एकाने आत बसून क्लच दाबावा आणि दुसऱ्याने पुढून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीकडे पाहावे. क्लच दाबताना पुली पुढे सरकताना डोळ्यांना दिसत असेल, तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरची झीज झाली आहे. दुर्लक्ष केले तर ते वॉशर गळून खाली पडतात आणि क्रँक थेट ब्लॉकवर घासू लागतो, मग ब्लॉकच निकामी होतो. इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उतरवून वेळेवर वॉशर बदलणे हे त्या मानाने अगदी किरकोळ काम आहे.

हेड उघडले तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या बसवून घ्याव्यात. ही इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनली होती आणि भारतात ते २००० मध्ये बंद झाले. लेथवाला चांगला निवडावा. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात काम करणारे कारागीर मिलिमीटरचा शंभरावा भाग रोज मोजतात, त्यांना फक्त मूळ माप आणि हवी असलेली मोकळीक लिहून द्यावी लागते.

चासी आणि पत्रा

सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त चुका इथे होतात. बॉडी चासीवर बोल्टांनी बसवलेली आहे, छप्परही बोल्टांनी निघते, म्हणून सगळे एका दिवसात सोडून टाकावे असे वाटते. तसे करू नये. गंजलेली बॉडी उचलताच दरवाजाच्या जागी वाकते आणि नंतर दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. दरवाजे जागेवर असताना फटी तपासाव्यात, मग दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आधार वेल्ड किंवा बोल्ट करावा आणि त्यानंतरच बॉडी उचलावी. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये प्रत्येक बोल्टपाशी पत्र्याच्या पातळ चकत्या असतात. कारखान्यात दरवाजांच्या फटी याच चकत्या कमीजास्त करून जुळवल्या होत्या. कुठल्या बोल्टखाली किती चकत्या निघाल्या ते लिहून त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. डेंटरकडे गाडी दिली की त्या झाडून टाकल्या जातात आणि मग दरवाजा बसवण्यासाठी पत्रा ठोकला जातो, जे पूर्णपणे चुकीचे आहे.

चासी मोकळी झाल्यावर सपाट जमिनीवर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून कर्ण मापावेत. दोन्ही कर्ण सारखे असतील तरच पुढे जावे. सडलेल्या बाह्या कापताना एका वेळी एकच कापावी आणि ती बसवून झाल्यावर दुसरी घ्यावी, म्हणजे संदर्भबिंदू हरवत नाहीत. जोडकाम सीओटू वेल्डिंगने करावे. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्याला लाटा आणते. सडलेल्या जागेवर वरून पत्र्याचा तुकडा चिकटवून वेल्ड मारण्याची पद्धत सर्रास चालते, पण आतला गंज तसाच राहतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साठते. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढावा आणि काठाला काठ लावून नवा पत्रा जोडावा.

सँडब्लास्टिंग चासीला चालते. दरवाजे, बॉनेट आणि छप्पर यांच्या पातळ पत्र्याला ते करू नये, कारण पत्रा ताणला जाऊन फुगतो. लहान भागांसाठी घरगुती उपाय चांगला आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घालावा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडून दोन्ही पाण्यात एकमेकांना न लागता बुडवावीत. रात्रभरात गंज काळ्या भुकटीसारखा निघून येतो आणि चांगले लोखंड झिजत नाही. हे उघड्यावरच करावे, कारण हायड्रोजन वायू निघतो. आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. अ‍ॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे ओतीव भाग या टबात घालू नयेत.

वेळापत्रक पुण्याच्या हवेप्रमाणे ठरवावे. उघडा पत्रा आषाढ-श्रावणात एका रात्रीत लाल होतो. गाडी दिवाळीनंतर उघडावी, थंडीत वेल्डिंग आणि इपॉक्सी प्रायमर उरकावा आणि मे संपण्याआधी रंग करावा. ते जमणार नसेल तर पावसाळ्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग घ्यावे आणि पत्र्याला हात लावू नये. चासी पुन्हा जोडण्याआधी तिच्या पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक फवारावा. नंतर तिथे पोहोचता येत नाही.

पुढच्या चाकांचे खालचे सांधे

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा पोलादी दांडा खालच्या टोकाला आट्यांनी पितळी धातूच्या ठोकळ्यात फिरतो. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवले की दांडा त्यात स्क्रूसारखा वरखाली फिरतो. इथे ग्रीस नव्हे, तर ९० नंबरचे गिअर ऑइल घालायचे असते. आपल्याकडे सर्व्हिसिंगला गेलेल्या गाडीच्या प्रत्येक निपलला ग्रीस गन लावली जाते. ग्रीस वरच्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही, तिथेच कडक होते, आट्यांत पाणी शिरते आणि दांडा गंजून कमकुवत होतो. शेवटी तो तुटतो, आणि तुटतो तेव्हा चाक गाडीखाली दुमडते.

म्हणून अशी गाडी हाती आली की हे सांधे उघडावेतच. दांडा बाहेर काढून रॉकेलने धुवावा, आट्यांच्या मुळाशी भिंगाने पाहावे. खड्डे, बारीक रेघ किंवा आटे झिजून त्यांची नुसती धार उरलेली दिसली तर दांडा बदलावा; त्यावर वेल्डिंग किंवा लेथकाम करून तो पुन्हा वापरू नये. बसवताना ठोकळ्यात गिअर ऑइल भरावे आणि ऑइल घालण्याच्या छोट्या पिचकारीने ते पुढे नियमित भरत राहावे. ज्या गॅरेजमध्ये गाडी द्याल तिथे तोंडी सांगण्यावर न थांबता निपलजवळ रंगाने ‘ऑइल’ असे लिहून ठेवावे.

ब्रेक, वायरिंग आणि पेट्रोल

चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलचा मार्ग एकच आहे, म्हणजे एक नळी फुटली तर चारही ब्रेक जातात. जुन्या रबरी नळ्या कशाही दिसोत, नव्या घालाव्यात. लोखंडी नळ्याही बदलाव्यात. व्हील सिलिंडरला आतून खड्डे असतील तर स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घेता येते. टायर मूळचे ५.२० बाय १३ मापाचे; १४५/८० आर १३ हे रेडियल माप त्या रिमवर चालते. टायरवर कोरलेले चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात, ते पाहून घ्यावेत. नक्षी पूर्ण असलेले वीस वर्षांपूर्वीचे टायर वापरणे धोक्याचे आहे.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पाहावे. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक बॉडीला असे, आणि आजच्या सवयीने उलटी बॅटरी जोडली तर डायनामो आणि त्याचे चार्जिंग सांभाळणारा कटआउट यांचे नुकसान होते. जुन्या वायरींचे कापडी किंवा प्लास्टिकचे आवरण तडकलेले असेल तर पूर्ण वायरिंग नवे करावे. तपकीर गल्लीत सर्व जाडीच्या वायरी मिळतात. मूळ रंगांप्रमाणेच घ्याव्यात, नाहीतर मॅन्युअलमधला नकाशा निरुपयोगी होतो.

पेट्रोलची टाकी उतरवून धुवावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे जुन्या रबराला फुगवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

सुटे भाग

नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत जाताना गाडीचे नाव सांगण्यावर भर देऊ नये, माप सांगावे. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो, ऑइल सीलची आतली, बाहेरची आणि जाडीची मापे घेता येतात, ब्रेकच्या रबरांना सिलिंडरचा व्यास लागतो. हेराल्डचे म्हणून मागितले तर दुकानदार मान हलवतो. तेच सील मापाने मागितले तर दुसऱ्या एखाद्या गाडीचे किंवा ट्रॅक्टरचे नेमके बसणारे निघते. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे काय मिळेल हे ठरलेले नसते, पण दिवे, आरसे, मीटर आणि कड्या यांसाठी तिथे सवयीने जात राहणाऱ्याला फळ मिळते. मद्रासच्या गाडीचे भाग चेन्नईच्या पुदुपेट बाजारात मिळण्याची शक्यता अधिक, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाकडे फोटो आणि मापे द्यावीत.

ब्रिटनमध्ये या गाडीच्या यांत्रिक भागांचा पुरवठा आजही चांगला आहे, कारण ट्रायम्फ स्पिटफायर आणि व्हिटेस यांचे कित्येक भाग हेराल्डशी समान आहेत. १९७७ मध्ये स्थापन झालेला ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब याच गाड्यांच्या मालकांचा आहे. ट्रनियन, दांडे, थ्रस्ट वॉशर, पुढची वाकडी काच यांसाठी तिकडेच पाहावे. मागवण्याआधी भागाच्या किमतीत वाहतूक आणि आयात शुल्क मिळवून हिशेब करावा.

क्रोमचे भाग प्लेटिंगला देताना एक काळजी घ्यावी. कड्या आणि नावाची अक्षरे बहुधा जस्ताच्या ओतीव धातूची असतात. प्लेटिंगवाल्याच्या जुने क्रोम काढण्याच्या आम्लात ती लोखंडी बंपरबरोबर बुडवली तर विरघळतात. ती वेगळी द्यावीत, आधी तांब्याचा थर, मग निकेल आणि शेवटी क्रोम असा क्रम सांगावा, आणि देण्याआधी प्रत्येक नगाचा फोटो काढून संख्या लिहून घ्यावी.

रंग आणि आतली सजावट

मूळ रंग शोधायचा तर डॅशबोर्डच्या मागे, बॅटरीच्या तबकाखाली आणि आसनांच्या खालच्या पत्र्यावर पाहावे. तिथे ऊन आणि नंतरचे पेंटर पोहोचलेले नसतात. त्या रंगाचा तुकडा जुळवून घ्यावा. दोन घटकांचा पॉलीयुरेथेन रंग टिकाऊ आहे, पण त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतात, आणि साधे कापड किंवा करोनाकाळातला मास्क त्यापासून वाचवत नाही. पेंटरकडे बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा आहे का, हे विचारायला संकोचू नये. आसनांचे जुने कव्हर उसवून त्याचे तुकडे नमुन्यासाठी ठेवावेत. शिवणीच्या रेघा मूळ अंतरावर आल्या की आतली बाजू आपोआप योग्य दिसते.

पहिल्या फेऱ्या

गाडी जोडून झाल्यावर टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधली) फट थंड इंजिनावर ०.०१० इंच ठेवावी, २०-डब्ल्यू-५० ऑइल भरावे, आणि पहिली फेरी सोसायटीच्या आवारात ब्रेक तपासण्यापुरतीच करावी. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नसतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये. सपाट रस्त्यावर थोडे थोडे अंतर कापून तापमान आणि गळती पाहिल्यावर, इंजिनाची खरी परीक्षा घ्यायला कात्रजचा जुना घाट योग्य आहे. सकाळी लवकर निघावे, बरोबर पाणी, फायर एक्स्टिंग्विशर आणि मदतीला दुसरी गाडी असावी. उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावे. ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडू नये किंवा ब्रेक दाबू नये, कारण मागची चाके ज्या पद्धतीने झुलतात त्यामुळे बाहेरचे चाक आत दुमडू पाहते आणि मागचा भाग सुटतो. वेग वळणाआधीच कमी करून, वळणात हलका अ‍ॅक्सिलरेटर धरून जावे.

घरी आल्यावर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळून टॅपेट पुन्हा पाहावेत. पुढचे काही महिने रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला आहे त्यावरून गळती कुठली ते कळते: पुढच्या भागातला काळा डाग इंजिन ऑइलचा, मधला किंवा मागचा दाट वासाचा डाग गिअर ऑइलचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा आहे असे धरावे, आणि ड्रम उघडून पाहिल्याशिवाय त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.